फडापासून माइकपर्यंत : मंचावरच्या शिवीचा मागोवा

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, वाजंत्री सुरू होते आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहिली जाते. याला 'बोरीचा बार' म्हणतात. बंदोबस्ताला पोलीस असतात. शिव्या थांबवणं हे त्यांचं काम नसतं, प्रकरण हातघाईवर जाऊ नये एवढंच त्यांना बघायचं असतं. बार संपला की बायका आपापल्या घरी जातात. त्याच शिव्या तिथल्याच एखाद्या बाईने चार दिवसांनी बाजारात दिल्या, तर मात्र भांडण पेटेल.

पुण्या-मुंबईत स्टँडअपच्या ओपन माइकला उभं राहणारी मुलं-मुली सेट लिहिताना एका जागी हमखास अडतात. इथे शिवी ठेवायची की काढायची? ठेवली तर हशा येतो, पण तो हशा विनोदाला आला की शिवीला, हे कळत नाही. काढली तर वाक्य लंगडं पडतं आणि आपण घरात, मित्रांत जसे बोलतो तसे मंचावर बोलत नाही याची टोचणी लागते. शिवाय कॉर्पोरेट शो मिळवायचा तर 'क्लीन सेट' लागतो. हा निर्णय आपल्या एकट्याचा आहे असं त्यांना वाटतं. पण मंचावरच्या शिवीचा इतिहास बघितला, तर तिचा फैसला कलावंताने एकट्याने केला असं फार क्वचित दिसतं. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणासमोर, हे आधी ठरलेलं असायचं. शिमग्याला बोंब चालायची, पाडव्याला नाही. लग्नाच्या मांडवात विहिणीवर रचलेली गाणी चालायची, बारशाला नाही. आपल्या समाजाने शिवी कधीच हद्दपार केली नाही. तिला वार आणि वेस नेमून दिली.

एकट्याने उभं राहून लोकांना हसवण्याचा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. नाट्यशास्त्रात 'भाण' नावाचा रूपकप्रकार सांगितला आहे. त्यात रंगमंचावर एकच नट असतो, अदृश्य माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरं आपणच ऐकल्यासारखी करून प्रेक्षकांना सांगतो. 'चतुर्भाणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार जुन्या भाणांतला विट, म्हणजे रंगेल उनाड माणूस, गणिकांच्या वस्तीतून हिंडत भेटेल त्याची टर उडवतो आणि त्याची भाषा सोवळी नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने अश्लीलतेला काव्यदोषच मानलं. लाज आणणारी, किळस आणणारी आणि अमंगळ सुचवणारी, असे तिचे तीन प्रकारही केले. पण त्याच शास्त्रात अकराव्या शतकातला मम्मट म्हणतो की बोलणारा कोण, प्रसंग कोणता, याच्या औचित्याने दोषही कधी कधी गुण ठरतो. आज न्यायालयं ज्या निष्कर्षाला पोचताना दमतात, तो एका काश्मिरी पंडिताने नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता.

आपल्या मातीतला खरा पूर्वज मात्र तमाशातला सोंगाड्या. गण झाला, गवळणीत कृष्णाने मावशीची आणि गवळणींची वाट अडवली, की बतावणी सुरू होते. बतावणीला लिहिलेली संहिता नसते. कोणत्या गावात बारी आहे, पुढे कोण बसलंय, पाटील आलाय का, हे बघून सोंगाड्या बोलतो. आजच्या भाषेत हे निव्वळ क्राउड वर्क. त्यात चावटपणा असे, शिवी असे, सरकारला आणि सावकाराला काढलेला चिमटाही असे. फडासमोर बसलेला प्रेक्षक बहुतांशी पुरुष होता आणि मंचावरचे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या जातींतले होते, हे विसरून तमाशाच्या भाषेबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जेव्हा पठ्ठे बापूराव झाले आणि महार समाजातल्या तमाशा कलावंतीण पवळाबरोबर बोर्डावर उभे राहिले, तेव्हा ब्राह्मण समाजाला धक्का बसला तो लावणीतल्या शब्दांचा कमी आणि ते कोणाशेजारी उभे राहून म्हटले जातात त्याचा जास्त.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठी मंचाची उभी फाळणी झाली. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात उभं राहिलं आणि घरंदाज माणसाने कुटुंबासह जावं असं एक नाट्यगृह मराठी मनात तयार झालं. शिवी कनातीत राहिली, पद नाट्यगृहात आलं. नेमकी त्याच दशकात अशीच फाळणी तिकडे अमेरिकेत होत होती. बॉस्टनच्या बी. एफ. कीथने आपल्या व्हॉडव्हिल थिएटरांत कलावंतांसाठी पाटी लावली होती की 'स्लॉब' किंवा 'सन ऑफ अ गन' असे शब्दसुद्धा मंचावर उच्चारले तर करार तिथल्या तिथे रद्द होईल. हे शब्द आज शाळकरी पोरही वापरतं. कीथला नीतीची काळजी किती होती ते सोडून द्या, त्याला दुपारच्या खेळाला बायका आणि मुलं हवी होती. नवऱ्याबरोबर बायको आली की तिकिटं दुप्पट. मंचावरची भाषा सभ्य होण्यामागे तिकीटखिडकीचा हात मोठा आहे, बॉस्टनमध्येही आणि बुधवार पेठेतही.

कायदा त्याआधीच आला होता. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला तो कलकत्त्यातल्या राजकीय नाटकांनी हैराण होऊन, पण त्यात बदनामी आणि राजद्रोह यांच्याबरोबर प्रेक्षकांना 'भ्रष्ट' करणारं नाटकही बंद करण्याची सोय होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचं सरकार असताना अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि फडांना आपले वग लिहून, तपासून घ्यावे लागू लागले. या एका अटीने केवढी उलथापालथ केली! ज्या कलेचा जीव उत्स्फूर्त बोलण्यात होता, तिला सांगितलं गेलं की उद्या रात्री काय बोलणार ते आज कागदावर दाखव. सोंगाड्याने कागदावर निर्मळ संवाद दिले आणि बोर्डावर डोळ्यांनी, थांबण्याने, ढोलकीच्या एका थापेने उरलेलं सांगितलं. द्वयर्थी बोलणं तमाशात पूर्वीपासून होतंच, पण तपासणीने त्याला फार मोठं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 मध्ये आलं, तेव्हा ही कला नाट्यगृहात शिरली. दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाच्या राजकारणावर पदरचं बोलत आणि मध्यमवर्गीय प्रेक्षक हसून लोळत. पुढे चित्रपटांत दादांनी द्वयर्थी संवादाचं असं तंत्र बसवलं की सेन्सॉरला कापायला शब्दच सापडत नसे. प्रत्येक शब्द सोवळा, वाक्य ओवळं. दादांची हजरजबाबी बुद्धी मी मानतो. पण या मार्गाची एक किंमत होती. शिवी रागाचीही असते, दुःखाचीही असते, बंडाचीही असते. द्वयर्थी विनोदात यातलं काहीच उरत नाही, फक्त बाईचं शरीर उरतं आणि त्याभोवती तेच तेच फिरत राहतं.

याच काळात दुसरीकडे मराठी एकपात्री वाढत होती, आणि आजच्या मराठी स्टँडअपवर तिचा ठसा सगळ्यांत खोल आहे. पु. ल. देशपांड्यांनी 1961 मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगाव नेलं. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एका अंगावर पन्नासहून अधिक पात्रं उभी केली. ही सगळी माणसं ज्या मंचांवर उभी राहिली ते मंच गणेशोत्सवाचे, व्याख्यानमालांचे, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांचे होते. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, मागे आज्या, मांडीवर नातवंडं. 'लेका', 'च्यायला' यापलीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. खेड्यातला माणूस मंचावर आला, पण त्याची जीभ धुऊन आली. मराठी माणसाच्या मनात 'एकट्याने माइकसमोर हसवणं' आणि 'निर्मळ विनोद' या दोन गोष्टी जोडल्या गेल्या त्या इथे. मराठीतून स्टँडअप करणाऱ्या मुलाने हिंदीतल्या मित्राइतकीच शिवी दिली, तरी मराठी प्रेक्षक जास्त चपापतो. त्याला समोर पु. लं.ची खुर्ची दिसत असते.

मग आलं 1972 साल. विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी बसवलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. या नाटकात शिवी विनोदासाठी नव्हती, ती माणसांची रोजची बोली होती. चंपा शिवी देते तेव्हा आयुष्यभर ओरबाडल्या गेलेल्या बाईचा संताप त्यातून बाहेर येतो. तेरा प्रयोगांनंतर परवानगी काढून घेतली गेली, कापायच्या जागांची यादी बत्तीसवर गेली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ती सगळी लढाई त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात सांगितली आहे. दोनच वर्षं आधी तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'मध्ये लुगड्यावरच्या रक्ताच्या लाल डागावर आक्षेप आला, तेव्हा श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल समजावा. मराठी रंगभूमीवर तपासणीची इतकी नेमकी शोभा दुसऱ्या कुणी केलेली मला आठवत नाही.

1972 हेच नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'चं वर्ष. कामाठीपुऱ्याची भाषा तशीच्या तशी कवितेत आली आणि तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा वाचकाला तोवर वाटत होतं की शिवी हा भाषेचा उकिरडा आहे. ढसाळांनी दाखवलं की ज्या माणसांना शतकानुशतकं शिवी हेच नाव म्हणून मिळालं, त्यांनी ती उलटी फेकली तर ती शिवी राहत नाही, साक्ष होते. माझ्या दृष्टीने या मागोव्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. शिवी वरून खाली येते की खालून वर जाते, यावर तिचं सगळं मोल अवलंबून आहे.

आणि तरीही निव्वळ हसण्यासाठी शिवी घरंदाज नाट्यगृहात बसू शकते, हे 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने सिद्ध केलं. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाच्या तोंडी 'मायझया' आला की दादरच्या शिवाजी मंदिरात आजोबा आणि नातू एकत्र हसत. पु. लं.नी नाटकाचं मनापासून कौतुक केलं आणि रडतखडत चाललेलं नाटक धो धो चाललं. पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले. तोच शब्द प्रमाण मराठीत म्हटला असता तर सभागृह गार पडलं असतं. मालवणीत त्याच्यातला राग कधीच निघून गेला होता, उरला होता तो कोकणातल्या आळीतला जिव्हाळा. प्रेक्षकांनी बोली मान्य केली आणि बोलीबरोबर तिची शिवीही.

स्टँडअप हा प्रकार आज ज्या रूपात आपल्याकडे आला, ते रूप अमेरिकेतलं आहे, म्हणून तिथल्या तीन माणसांचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला लेनी ब्रूस. 1961 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉपमध्ये एका शब्दावरून त्याला अटक झाली, तिथे तो सुटला. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे ओ गो गोमध्ये पुन्हा अटक, खटला आणि चार महिन्यांची शिक्षा. त्या खटल्यात परवाना खात्याच्या एका निरीक्षकाने टिपणं वाचत न्यायालयात ब्रूसचा कार्यक्रम 'करून' दाखवला. ब्रूस तळमळून म्हणत राहिला की हा माझा कार्यक्रमच नाही, या माणसाच्या वाईट सादरीकरणाची शिक्षा मला होते आहे. कोणताही विनोदवीर त्याची ही तळमळ समजू शकेल. शब्द तेच असतात, पण थांबणं, नजर, आवाज गेला की उरतो फक्त गुन्हा. अपील पुरं होण्याआधीच 1966 मध्ये तो मेला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली ती 2003 मध्ये.

दुसरा जॉर्ज कार्लिन. टीव्हीवर कधीच उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांवर त्याने 1972 मध्ये एक अख्खा सेट रचला. मिलवॉकीत त्याला अटक झाली, आरोप टिकला नाही. पण 1973 मध्ये त्याच विषयावरचा त्याचा सेट एका रेडिओ केंद्राने दुपारी लावला, मोटारीत मुलाबरोबर असलेल्या एका बापाने तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1978 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, शब्द बेकायदा नाहीत, पण रेडिओ घरात शिरतो, मूल कानावर हात ठेवू शकत नाही, तेव्हा सरकार वेळ ठरवू शकतं. म्हणजे फिरून तेच आलं, शिवीला वेळ हवी आणि वेस हवी.

तिसरा रिचर्ड प्रायर, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. सुरुवातीला तो गोड, निर्मळ विनोद करायचा आणि त्यात त्याचा जीव गुदमरत होता. 1967 मध्ये लास वेगासच्या मंचावरून तो कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला. परतला तो आपल्या वस्तीची, आपल्या आजीच्या कुंटणखान्यात ऐकलेली भाषा घेऊन. काळ्या माणसाला गोऱ्याने दिलेली शिवी तो स्वतःच इतक्या वेळा उच्चारत असे की ती बोथट होईल असं त्याला वाटत होतं. 1979 मध्ये तो केनियाला गेला. तिथे सगळीकडे काळी माणसं बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की इथे तो शब्द कुणालाच लागू होत नाही. परत येऊन त्याने तो शब्द सोडल्याचं मंचावर जाहीर केलं. बाकीच्या शिव्या त्याने ठेवल्या. कुणी कापायला सांगितलं नव्हतं, कुठला खटला नव्हता. आपल्या तोंडातला शब्द कोणाच्या पाठीवर पडतो हे एका माणसाला दिसलं आणि त्याने ठरवलं.

आपल्याकडचा आजचा पेच कॅमेऱ्याने आणला. डिसेंबर 2014 मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये एआयबी या विनोदी गटाचा 'नॉकआउट' हा कार्यक्रम झाला. तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांनी तो बघितला. तक्रारी आणि गुन्हे आले ते जानेवारीच्या शेवटी व्हिडिओ टाकल्यावर. फेब्रुवारी 2025 मध्ये समय रैनाच्या 'इंडियाज गॉट लेटंट' या विनोदी कार्यक्रमावरून देशभर वादळ उठलं, तेही एका खोलीत झालेलं बोलणं मोबाइलच्या पडद्यावर घराघरात पोचल्यावर. फड, कनात, ओढ्याचे काठ, तळघरातला क्लब, या सगळ्या भिंती कॅमेऱ्याने पाडल्या. खोलीतल्या साठ माणसांसाठी केलेला विनोद आता त्यांच्याकडे उरतच नाही. त्यातून विनोदवीराची झोप उडणं स्वाभाविक आहे.

न्यायालयांनी या काळात एक चांगलं काम केलं. 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये स्पष्ट केलं की शिवी म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. शिवी ऐकून किळस येईल, धक्का बसेल, पण तिचा शब्दशः अर्थ ना बोलणाऱ्याच्या मनात असतो ना ऐकणाऱ्याच्या. हा निकाल प्रत्येक विनोदवीराने एकदा वाचावा. मात्र महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. अमोल पालेकर 2016 मध्ये या पूर्वतपासणीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, ते अगदी योग्य केलं. ज्या बतावणीला कागद नव्हता तिला कागद मागणं तेव्हाही चूक होतं आणि माइकसमोरच्या माणसाला मागणं आजही चूकच ठरेल.

पण कायद्याने दार उघडलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मराठीतल्या कचकचीत शिव्या एकदा शांतपणे कागदावर लिहून बघा. दोन भागांत त्या जवळजवळ संपतात: कुणाच्या तरी आईबहिणीवर आणि कुणाच्या तरी जातीवर. समोरच्या पुरुषाशी भांडण, अपमान तिथे नसलेल्या बाईचा. जातीच्या शिवीला तर कायद्यानेही वेगळं काढलं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक शिवी देणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. ढसाळांच्या तोंडी जे साक्ष झालं, ते बंगल्यातल्या मुलाच्या तोंडी पुन्हा शिवीच होतं.

म्हणून सेट लिहिणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे. तुमच्या गावची, आळीची, चाळीची शिवी तुमच्या पात्राच्या तोंडी येत असेल तर ती बिनदिक्कत ठेवा, मालवणी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो. जी हशासाठी आणून बसवलीय ती काढा, खालचा विनोद उघडा पडला तर तो पुन्हा लिहा. आईबहिणीची आणि जातीची शिवी सोडून द्या, कुणाच्या भीतीने नव्हे, तुमचं तुम्ही ठरवून. आणि आयोजकांनो, कार्यक्रमाची भाषा कशी आहे आणि तो कोणत्या वयासाठी आहे हे तिकिटावर ठळक छापा, म्हणजे येणाऱ्याला आधी कळेल आणि बोलणाऱ्याला मोकळेपणा मिळेल.